ध्रुवीय डोंगरांतली माती आणि हिमनद्यांचा गाळ: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शाळा-कॉलेजांत हिमनद्यांवर बोलायला मी अधूनमधून जातो. बोलणं तासाभरात संपतं, पण व्हॉट्सॲपवर प्रश्न महिनोन्‌महिने येत राहतात. निम्मे तेच ते असतात, म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. सोपे आधी, तिढ्याचे नंतर. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं नाही, त्या प्रश्नाचा आकडा दिला आहे.

विषय लांबचा वाटेल, पण तितका लांबचा नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली होती, आणि ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र वास्कोला आहे.

१. थंय सगळो बर्फच, मगे माती खंयसून इली?

सगळा नाही, थोडी जमीन उघडी आहे. अंटार्क्टिकाचा अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग बर्फाबाहेर आहे, पण खंडच एवढं अवाढव्य की ते तुकडे जोडले तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळूनही कमी पडतील. यात बर्फातून वर आलेले डोंगरमाथे आहेत, किनाऱ्यालगतचे उघडे पट्टे आहेत, आणि मॅकमर्डोच्या कोरड्या दऱ्या आहेत. आपलं ‘मैत्री’ स्थानक (१९८९) ज्या शिर्माखर टापूत आहे तो जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचा उघडा खडक आहे, पण त्यात शंभरावर तळी आहेत. ‘भारती’ (२०१२) लार्समन टेकड्यांमध्ये, तीही उघडी जमीनच. उत्तरेकडे, उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आपलं ‘हिमाद्री’ (२००८) आहे. तिथे निम्म्याहून जास्त भूमी हिमनद्यांखाली असली तरी उरलेल्या दऱ्याखोऱ्यांत उन्हाळ्यात चक्क चिखल होतो.

२. पण माती म्हणजे गांडुळं, कुजलेला पाला, मुळं. नुसत्या खडी-रेतीला माती कशी म्हणायची?

हा प्रश्न शेतकऱ्यांकडून हमखास येतो आणि तो बरोबर आहे. मृदाशास्त्रज्ञांमध्येही यावर बराच काळ वाद होता. जिथे रोप उगवत नाही ती माती नव्हे, असं मानणारे कमी नव्हते.

आता व्यवहारात उत्तर ठरलं आहे. वरून खाली खणत गेल्यावर थर वेगवेगळे झालेले दिसले, म्हणजे त्या जागेवरच काहीतरी घडून मूळ द्रव्य बदलत गेलेलं दिसलं, की ती माती. कोरड्या दऱ्यांत खणलं तर सर्वांत वर वाऱ्याने घासून गुळगुळीत केलेल्या दगडांची फरसबंदी असते. तिच्याखाली सैल, कोरडी रेताड माती, तिच्यात कुठेकुठे क्षारांची पांढरी पुटं, आणि त्याखाली बर्फाने सिमेंटसारखा घट्ट झालेला थर. हे थर कुणी आणून रचलेले नाहीत, तिथेच तयार झालेले आहेत. अमेरिकी मृदा वर्गीकरणात १९९० च्या दशकाच्या अखेरीस अशा मातींसाठी ‘जेलिसॉल’ नावाचा बारावा गण जोडला गेला. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण त्यांना ‘क्रायोसॉल’ म्हणतं. अट साधारण अशी, की पृष्ठभागापासून १ मीटरच्या आत कायम गोठलेली जमीन लागली पाहिजे. गोठण्या-वितळण्याने माती घुसळली गेल्याच्या खुणा असतील तर २ मीटरपर्यंत चालतं.

आणि जीव अजिबात नाहीत असंही नाही. गांडूळ नाही, पण स्कॉटनेमा नावाचा सूक्ष्म गोलकृमी त्या कोरड्या मातीत राहतो. ओल संपली की अंगातलं पाणी सोडून वाळून निपचित पडतो, आणि ओल आली की पुन्हा हलायला लागतो.

३. हिमनदी माती बनवते की फक्त वाहून आणते?

दोन्ही, पण ती बनवते ते दळण. त्याची माती नंतर होते.

मिरकरवाड्याच्या जेटीवर पहाटे उभे राहा. बर्फाची लादी आकड्याने ओढत नेतात तेव्हा काँक्रीटवर बारीक चरे उठतात. बर्फ स्वतः एवढा मऊ, की नखानेही खरवडता येतो. काँक्रीटवर चरा उठतो तो लादीच्या बुडाला चिकटलेल्या रेतीच्या खड्याने. हिमनदीचं तेच आहे. तिच्या बुडात गोठून बसलेले दगड हे तिचे दात, आणि वर शेकडो मीटर बर्फाचं वजन. खालचा खडक झिजतो आणि वरचा दगडही झिजतो. दोघांच्या मधे पडतं ते पीठ, ज्याला ‘हिमपीठ’ म्हणता येईल. ते इतकं बारीक असतं की वितळलेल्या पाण्यात दिवसचे दिवस खाली बसत नाही. हिमनद्यांच्या पायथ्याच्या तळ्यांचा तो दुधाळ निळा-हिरवा रंग त्याचाच.

आता तीच लादी जेटीच्या कोपऱ्यात विसरली गेली आहे असं समजा. दुपारपर्यंत तिचं पाणी होतं, आणि जागेवर उरतो भुसा, खडे, रेती, जाळ्याच्या दोऱ्याचा एखादा तुकडा, सगळं एकाच ढिगात. निवड नाही, प्रतवारी नाही. हिमनदी वितळल्यावर मागे राहणारा ढीग असाच असतो. त्याला ‘टिल’ म्हणतात.

४. टिल, गोलाश्म मृत्तिका, हिमोढ: हे एकच की वेगवेगळं?

टिल हे द्रव्याचं नाव आहे, हिमोढ हे त्याच्या आकाराचं. भात आणि भाताची उडवी यांत जो फरक तोच. ‘गोलाश्म मृत्तिका’ हे टिलचं जुनं पुस्तकी नाव. त्यात दगड गोलच असतात असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे, म्हणून मी ते वापरत नाही. हिमोढाचे शाळेतले प्रकार (पार्श्व, मध्य, अंत्य, भू-हिमोढ) आठवत असतील तर पुरेसे आहेत.

५. नदीचा गाळ आणि हिमनदीचा गाळ हातात घेऊन ओळखता येतो का?

बऱ्याचदा येतो. आधी घरचा प्रयोग करा. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत वाडीतली मूठभर माती, थोडी रेती, चार खडे घाला, पाणी भरून जोरात हलवा आणि ठेवून द्या. खडे लगेच तळाला, मग रेती, मग बारीक माती, आणि पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत गढूळ. पाण्याला वजनाप्रमाणे माल वेगळा करायची खोडच आहे. म्हणून नदीच्या गाळात थर असतात आणि एका थरात साधारण एका मापाचे कण असतात.

बर्फ घट्ट असतो, त्यात काही बुडत नाही की तरंगत नाही. घराएवढी धोंड आणि पीठ शेजारीशेजारी प्रवास करतात आणि शेजारीशेजारीच पडतात. तेव्हा पहिली खूण ही, की थर नाहीत आणि सगळ्या मापांची सरमिसळ आहे.

दुसरी खूण दगडाच्या अंगावर. नदीतला गोटा चहूबाजूंनी गोल होतो. हिमनदीतल्या दगडाला एखाद-दोन सपाट पैलू पडतात, कडा बोथट होतात आणि पैलूवर समांतर चरे असतात. मऊ, बारीक कणांच्या दगडावर चरे छान उमटतात. भरड ग्रॅनाइटवर बहुधा नाहीत.

तिसरी खूण परक्या दगडाची. आसपास कुठेही नसलेल्या जातीची धोंड मधेच बसलेली असते. अशा भटक्या धोंडी युरोपात जागोजागी आहेत, आणि त्या महापुराने आणल्या असं लोक मानत. लुई अगासीझने १८४० मध्ये हिमयुगाची कल्पना सविस्तर मांडली, तिच्या मुळाशी अशाच धोंडी आणि चरे होते.

एकटी पहिली खूण पुरत नाही, हे लक्षात ठेवा. का, ते प्रश्न १२ मध्ये.

६. पर्माफ्रॉस्ट म्हणजे जमिनीखालचा बर्फाचा थर ना?

नाही, आणि ही चूक वर्तमानपत्रांतही सर्रास होते. पर्माफ्रॉस्ट ही तापमानाची व्याख्या आहे: जी जमीन सलग किमान २ वर्षं ० अंश सेल्सियस किंवा त्याखाली राहते ती. त्यात बर्फ असेल, नसेल. कोरड्या दऱ्यांच्या वरच्या भागांत माती उणे वीस अंशांवर असते आणि हातात घेतली तर बोटांमधून सुळकन गळून जाते, कारण कणांना बांधायला पाणीच नाही. ती कोरडी पर्माफ्रॉस्ट. स्वालबार्डमध्ये उलट, बर्फ भरपूर. तिथे दरीच्या तळाशी पर्माफ्रॉस्ट साधारण १०० मीटर जाड आहे, तर उंच डोंगरांत ४०० मीटरच्याही पुढे जाते.

७. खालची जमीन कायम गोठलेली, तर उन्हाळ्यात पाणी मुरतं कुठे?

मुरत नाही. इथे कोकणी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. आषाढात सड्यावर जा. कातळावर वीतभर माती, तिच्यात घोट्याएवढं पाणी, कारण खाली कातळ पाणी जाऊ देत नाही. त्या वीतभर पाणथळात सड्यावरची फुलं येतात आणि पाऊस संपला की सगळं वाळून जातं. ध्रुवाकडे कातळाच्या जागी गोठलेली जमीन आहे, एवढाच फरक.

उन्हाळ्यात वितळणाऱ्या या वरच्या थराला ‘सक्रिय थर’ म्हणतात. स्वालबार्डच्या दऱ्यांत तो मीटरभराच्या आसपास, अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांत काही वीत, आणि उंचावर चार बोटंही नसतो. उतारावर असेल तर पाण्याने जड झालेला हा थर खालच्या गोठलेल्या जमिनीवरून वर्षाला थोडाथोडा ओघळतो. लांबून पाहिलं तर उतारावर कुणी ओली गोधडी टाकावी तशा त्याच्या वळ्या दिसतात.

८. दगडांची वर्तुळं आणि षटकोन कोणी काढले? आपल्या कातळशिल्पांसारखे माणसांनी का?

उक्षी, बारसू, कशेळीची कातळशिल्पं माणसांनी कोरली. स्वालबार्डच्या क्वाडेहुक मैदानावर आहेत ती काही मीटर रुंदीची वर्तुळं मात्र निव्वळ गोठण्या-वितळण्याची करामत. मधे बारीक माती, भोवती दगडांचं कडं, इतकं नीटस की कुणी विहिरीचा कठडा बांधायला घेतला होता असं वाटावं.

माती गोठते तेव्हा फक्त जागच्या पाण्याचा बर्फ होत नाही. गोठणारा थर खालचं पाणी स्वतःकडे ओढून घेतो आणि मातीत बर्फाच्या पातळ चकत्या तयार होतात. त्यामुळे जमीन फुगते. सगळ्यात जास्त फुगते ती गाळवट, पिठासारखी माती. रेतीत पाणी धरून राहत नाही, आणि अगदी चिकण मातीतून ते लवकर वर येत नाही. फुगताना दगड वर उचलला जातो, वितळताना त्याच्याखालच्या पोकळीत माती घरंगळते, आणि दगड काही पूर्ण खाली बसत नाही. असं शेकडो वर्षं चाललं की दगड वर येतात आणि फुगवट्यावरून कडेला सरकतात. सपाटीवर वर्तुळं होतात, उतारावर तीच ताणली जाऊन पट्टे.

शाळेत करण्याजोगा प्रयोग: दोन प्लास्टिकचे डबे, एकात ओली रेती, एकात खाचरातली ओली माती. बाजूंना आणि बुडाला थर्माकोल लावा म्हणजे थंडी वरूनच शिरेल. रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी मातीच्या डब्याचा वरचा भाग फुगलेला दिसेल, आणि सुरीने कापलीत तर आत बर्फाच्या बारीक रेघा. (फ्रीजर मासळीचा असेल तर डबा झाकूनच ठेवा. हे अनुभवाने सांगतो.)

मोठ्या षटकोनांचं, दहा-वीस मीटरच्या, कारण वेगळं. कडाक्याच्या थंडीत गोठलेली जमीन आक्रसते आणि तडकते, सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारखी. आर्क्टिकमध्ये त्या भेगेत वितळलेलं पाणी शिरून बर्फाची पाचर होते. कोरड्या दऱ्यांत पाणी नाही, म्हणून भेगेत रेती पडते आणि रेतीची पाचर होते.

९. अंटार्क्टिकाची माती खारट असते म्हणतात. समुद्राचं पाणी शिरतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. माझ्या मते या साऱ्या विषयाचं मर्म याच प्रश्नात आहे.

आपल्याकडे खारजमीन म्हणजे बांध फुटून खाडीचं पाणी शिरलं. आणि ती सुधारायची रीतही सगळ्यांना माहीत: बांध घाला आणि दोन-तीन पावसाळे जाऊ द्या, पाऊस खार धुऊन नेतो. आता अशी जागा कल्पा, जिथे तो पावसाळा लाखो वर्षांत आलाच नाही. कोरड्या दऱ्यांत वर्षाकाठी पडणारं हिम वितळवलं तर १०० मिलिमीटरही पाणी होत नाही, आणि त्यातलंही बरंचसं वितळण्याआधीच वाफ होऊन जातं. वाऱ्याबरोबर आलेले समुद्राचे तुषार, हवेतून पडणारे नायट्रेट आणि सल्फेट, खडक झिजून सुटलेले क्षार, सगळं जिथे पडलं तिथेच साचत जातं. मातीला कुणी आंघोळच घातलेली नाही.

आता आपली जांभ्याची माती. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बारमाही उबेत. चुना, पोटॅश, मॅग्नेशियम, एवढंच काय सिलिकाही धुऊन समुद्रात गेली. मागे राहिलं ते लोखंड आणि ॲल्युमिनियमचं भस्म, म्हणून चिरा लाल आणि माती आंबट. तिकडची माती अल्कली, क्षारांनी भरलेली, पण तिच्यात रासायनिक झिजेने बनलेली चिकण माती नावाला. इकडची अति धुतलेली, तिकडची न धुतलेली. दोन्ही टोकांना पीक घेणं कठीण, कारणं मात्र उलटी.

या क्षारांचं टोकाचं उदाहरण म्हणजे कोरड्या दऱ्यांपैकी राइट दरीतलं डॉन हुआन तळं. पाणी गुडघ्यापर्यंतही नाही, पण त्यात कॅल्शियम क्लोराइड एवढं की उणे ५० अंशांनाही ते गोठत नाही.

१०. डोंगर चढत गेलं की माती बदलते का?

बदलते. आपल्याकडे खाजण, मळा, वरकस, सडा अशी उंचीप्रमाणे जमीन बदलते ना, तसंच. अंटार्क्टिकाच्या आरपार गेलेल्या पर्वतरांगेत किनाऱ्याजवळ थोडी ओल असते, शेवाळ असतं, सक्रिय थर जाड असतो. वर आणि आत जाल तसं थंड आणि कोरडं होत जातं, सक्रिय थर पातळ होत नाहीसाच होतो, क्षार वाढतात. उंचावरच्या जुन्या हिमोढांवर ही माती सगळ्यात टोकाच्या रूपात दिसते.

११. एखादा हिमोढ किती जुना आहे हे कसं ठरवतात?

तरुण हिमोढासाठी दगडफूल. हो, गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचाच भाऊबंद, जात निराळी. दगड उघडा पडला की त्यावर ते रुजतं आणि ठरावीक, अतिशय मंद गतीने पसरतं. स्वालबार्डसारख्या ठिकाणी वर्षाला मिलिमीटरहूनही कमी. सगळ्यात मोठ्या ठिपक्याचा व्यास मोजायचा आणि त्या भागातल्या वाढीच्या दराने भागायचं. काही शतकांपर्यंत हे बरं चालतं.

जास्त जुन्यासाठी दगडातलं बेरिलियम-१०. अवकाशातून येणारे किरण उघड्या दगडावर आदळले की क्वार्ट्झमध्ये हा समस्थानिक तयार होतो. किती साठला यावरून दगड किती काळ आभाळाखाली आहे ते कळतं.

अंटार्क्टिकात मातीही घड्याळाचं काम करते. नव्या टिलचे दगड करडे, टवटवीत. जसजशी वर्षं जातात तसं लोखंड गंजून तांबूस छटा येते, दगड पोखरले जातात, क्षारांचे थर जाड होतात. चिऱ्याचा रंग आणि त्या जुन्या टिलचा तांबूसपणा, दोन्ही गंजच. आपल्याकडे तो गंज पावसाच्या जोरावर चढतो, तिकडे निव्वळ काळाच्या.

१२. दरडीच्या ढिगातही सगळ्या मापाचे दगड असतात. मग तो हिमोढ नाही हे कशावरून?

शाबास. हा प्रश्न पाठवणारी मुलगी घाटाखालच्या गावातली होती आणि दरड उतरताना तिने पाहिली होती.

दरडीचा, चिखलाच्या लोंढ्याचा ढीगही विनाप्रतवारीच असतो, त्यामुळे प्रश्न ५ मधली पहिली खूण इथे फसवते. पण दरडीतले दगड वरच्याच कड्याचे असतात, परके नसतात. धारदार असतात, पैलू आणि समांतर चरे नसतात. ढीग कड्याच्या पायथ्याशी पंख्यासारखा पसरतो. हिमोढ दरीला आडवा किंवा कडेने लांब बांधासारखा जातो. ध्रुवीय डोंगरांत आणखी एक घोळ आहे. कड्याखालच्या दगडांच्या ढिगात बर्फ साचून तो ढीगच हळूहळू सरकायला लागतो. त्याला खडक-हिमनदी म्हणतात. वरून नुसते दगड, पोटात बर्फ. फोटोवरून ती आणि हिमोढ वेगळे सांगताना जाणकारही चुकतात.

१३. प्रत्येक हिमनदी खालचा खडक खरवडतेच ना?

नाही. पाठ्यपुस्तकातला हा नियम ध्रुवाकडे मोडतो. खरवडायचं तर बूड सरकायला हवं, आणि त्यासाठी बुडाशी थोडं तरी पाणी हवं. फार थंड प्रदेशातल्या पातळ हिमनद्या बुडाशी खडकाला गोठून चिकटलेल्या असतात. त्या वरच्यावर, स्वतःच्याच अंगात, लवत पुढे जातात. अशी हिमनदी येऊन गेली तरी खालची जुनी जमीन, तिच्यावरचे षटकोनसुद्धा, जवळजवळ जसेच्या तसे राहतात. मागे उरतात फक्त विखुरलेल्या चार धोंडी. त्यामुळे ‘चरे नाहीत, म्हणजे हिमनदी नव्हती’ हा निष्कर्ष तिथे चालत नाही.

१४. मातीखाली लाखो वर्षांचा बर्फ टिकू शकतो का?

अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांपैकी बीकन दरीत टिलच्या पातळ थराखाली बर्फ आहे आणि त्या टिलमध्ये ज्वालामुखीची राख सापडली, सुमारे ८० लाख वर्षं जुनी. राख वर म्हणजे बर्फ तिच्याहून जुना, असं १९९५ मध्ये मांडलं गेलं. विरोधक म्हणतात की एवढ्या काळात बर्फ वाफ होऊन उडून जायला हवा होता, आणि राख सरकून तिथे आलेली असू शकते. वाद मिटलेला नाही.

१५. पेंग्विनमुळे माती तयार होते, हे खरं का?

खरं. नारळाला मासळीचं खत घालणाऱ्यांना आश्चर्य वाटायला नको. वसाहतीच्या जागी विष्ठा, पिसं, अंड्यांची टरफलं, मेलेली पिल्लं साचून फॉस्फरस आणि नायट्रोजनने भरलेली माती होते. समुद्रातलं अन्न जमिनीवर आणणारा तोच मोठा रस्ता. पक्षी जागा सोडून गेले तरी मातीतला फॉस्फेट मागे राहतो, त्यावरून जुन्या वसाहती शोधतात.

१६. तिथे काही पिकवता येईल का?

उघड्यावर नाही. अख्ख्या अंटार्क्टिकात फुलणाऱ्या देशी वनस्पती दोनच, एक गवत आणि एक छोटी उशीसारखी वनस्पती, त्याही द्वीपकल्पाच्या बाजूला.

१७. भाऊ मोहिमेवर चालला आहे. ग्रामदेवतेच्या आवारातली चिमूटभर माती बरोबर दिली तर चालेल?

भावना कळते, पण देऊ नका. १९९१ च्या माद्रिद करारानुसार बाहेरची, निर्जंतुक न केलेली माती तिथे जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. तुमच्या चिमटीत तिथल्या मातीत नसलेल्या जातींचे जिवाणू असतील. निघताना बुटांचे तळवे, पँटचे खिसे, बॅगांचे वेलक्रोसुद्धा साफ करायला लावतात. उलट दिशेनेही तसंच: तिथला दगड किंवा माती परवानगीशिवाय उचलता येत नाही. आपल्याकडे २०२२ पासून त्यासाठी स्वतंत्र भारतीय अंटार्क्टिका कायदा आहे. अंगारा कपाळाला लावून पाठवा, आणि बोटीवर चढण्याआधी तोंड धुवायला सांगा.

१८. आमच्या सड्याखाली मोठाले गोल धोंडे आहेत, एकावर चरेही आहेत. हिमनदीने आणले का?

नाही. असे फोटो दर पावसाळ्यानंतर येतात. बेसॉल्टच्या ठोकळ्यात भेगांतून पाणी शिरून कोपरे आधी कुजतात, आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत मधे गोल गाभा उरतो. भोवतीची माती धुऊन गेली की गोळा उघडा. तो कुठून आलेला नाही, तिथलाच आहे. चऱ्यांचं म्हणाल तर आजवर आलेल्या फोटोंतले जवळपास सगळे जेसीबीच्या दातांचे निघाले.

१९. मग महाराष्ट्रात कधीच हिमनदी नव्हती?

होती, पण कोकणात तिचा पुरावा मिळणार नाही. आपला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा; हिमनद्या त्याच्या कितीतरी आधीच्या. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत गोंडवन खंडात, अंटार्क्टिकाला लागून, दक्षिणेकडे होता. त्या काळातला हिमनद्यांचा गाळ दगड होऊन ‘तालचीर’ थरात राहिला आहे. चंद्रपूरजवळ इरई इथे त्याच्याखालच्या चुनखडकावर घासल्याच्या गुळगुळीत खुणा आणि समांतर चरे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी १८७५ मध्ये त्यांची नोंद केली. ४५ अंशांच्या उन्हात हिमनदीची वाट पाहायची असेल तर मे महिन्यात चंद्रपूर. आधी टोपी घ्या.

२०. शेवटच्या हिमयुगाचा कोकणावर काहीच परिणाम झाला नाही?

बर्फ आला नाही, समुद्र गेला. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी एवढं पाणी हिमस्तरांत अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून खाली होती. कोकणचा किनारा तेव्हा आजच्या किनाऱ्यापासून कितीतरी किलोमीटर पश्चिमेला होता. बर्फ वितळला तशा आपल्या नद्यांच्या दऱ्या बुडाल्या, आणि आजच्या खाड्या झाल्या.

२१. पर्माफ्रॉस्ट वितळली तर आपलं काय बिघडतं?

उत्तरेकडच्या गोठलेल्या मातीत अंदाजे दीड लाख कोटी टन कार्बन आहे, म्हणजे हवेत आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. हजारो वर्षांचा न कुजलेला पाला आणि मुळं. वितळलं की जिवाणू कामाला लागतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणथळात मिथेन, बाहेर पडतो. सगळा एकदम नाही, पण थोडाही परवडणारा नाही. अंटार्क्टिकाच्या मातीत असा साठा नाही (प्रश्न २), त्यामुळे दोन्ही ध्रुवांना एका मापाने मोजू नका.

तिथल्या लोकांचं तर लगेचच बिघडतं. स्वालबार्डमधली घरं गोठलेल्या जमिनीत रोवलेल्या खांबांवर उभी आहेत. २००८ मध्ये उघडलेलं जागतिक बियाणे कोठार डोंगरातल्या पर्माफ्रॉस्टच्या भरवशावर खोदलं होतं. २०१६ च्या पावसाळी, उबदार शरद ऋतूत त्याच्या प्रवेश-बोगद्यात पाणी शिरलं. बियाणं आत सुरक्षित राहिलं, पण बोगदा जलरोधक करून नव्याने बांधावा लागला.

२२. दगडाचा फोटो पाठवला तर सांगाल का?

सांगेन. दगड धुऊन घ्या, शेजारी नाणं ठेवा, आणि एक फोटो लांबून, तो जिथे होता त्या जागेचा काढा. जागेचा फोटो नसेल तर काही सांगता येत नाही. फोटो तिरप्या उन्हात, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी. दुपारी चरे दिसत नाहीत. आणि कृपा करून दगड एसटीच्या पार्सलने पाठवू नका. गेल्या वर्षी साडेअकरा किलोचा एक आला, भाडं मला भरावं लागलं, आणि तो बेसॉल्टच होता. सध्या त्याने गोठ्याचं दार अडवलेलं आहे.